ओवा-लवंगाच्या तेलाचं कोळंबी-धुवण: एका हंगामाचा अनुभव

पहिला कॅन उघडला त्या सकाळी पीलिंग शेडच्या दारापर्यंत ओव्याचा वास आला. आत पंधरा-वीस बायका कोळंबी सोलत होत्या. त्यांतल्या वेंगुर्ल्याकडच्या एका मावशींनी मान वर करून विचारलं, "मॅडम, आज बाळंतीण खंय आसा?" सगळ्या शेडमध्ये हशा पिकला. पण चार महिन्यांनंतर या द्रावणाबद्दल लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते मावशींचं तेच वाक्य. या औषधाचं जमेचं आणि अडचणीचं, दोन्ही त्या वासात आहे.

मी रत्नागिरीत एका मासळी प्रक्रिया कारखान्यात क्वालिटी बघते. शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, आणि या कामात आता १४ वर्षं झाली. आमच्याकडे मुख्य माल कोळंबी आणि म्हाकूल (स्क्विड), हंगामात थोडा बांगडा. बहुतेक माल गोठवून परदेशी जातो. दोन वर्षांपासून मसाला लावलेली कोळंबी पुण्या-मुंबईच्या दुकानांसाठीही पॅक करतो. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली, बोटी परत समुद्रात गेल्या, शेड भरायला लागली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हे द्रावण आमच्याकडे आलं. नोव्हेंबरअखेरपर्यंत मी ते कोळंबीवर, म्हाकुळावर, बांगड्यावर, टेबलांवर आणि माल पुढे नेणाऱ्या पट्ट्यावर वापरून पाहिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच धर्तीची द्रावणं आणखी काही जण विकतात, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांतलं कुठलंही घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

वस्तू अशी आहे: ५ लिटरचा पांढरा कॅन, आत ताकासारखं पातळ, दुधट द्रावण. लेबलवर ओव्याचं तेल, लवंगेचं तेल, तेल पाण्यात मिसळून ठेवणारं पॉलिसॉर्बेट ८० आणि पाणी एवढं लिहिलेलं. एक लिटर पाण्याला १० मिली घालायचं, माल ५ मिनिटं बुडवून ठेवायचा, निथळायचा, बर्फात टाकायचा. किंमत कॅनला ४,२०० रुपये. म्हणजे तयार द्रावण लिटरला ८ रुपये ४० पैसे पडतं.

मी ते घ्यायला एवढी उत्सुक का होते, तेही सांगते. मासळीच्या धंद्यात जंतू मारायला आजवर क्लोरीन. हात बुडवायला क्लोरीन, भांड्यांना क्लोरीन, पाय धुवायच्या टाकीत क्लोरीन, मालाच्या धुवणातही थोडं. स्वस्त आहे, काम करतं, आणि त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. पण कोळंबीच्या टबात ते फार टिकत नाही. सोललेल्या मांसातून जे प्रथिनांचं पाणी सुटतं त्यात ते खर्ची पडतं. सकाळी ८ ला मोजलेलं प्रमाण तिसरा-चौथा क्रेट बुडेपर्यंत निम्म्यावरही राहत नाही, आणि प्रथिनांशी मिळून जी संयुगं होतात त्यांची उग्र वाफ डोळ्यांत जाते. दुपारनंतर शेडमध्ये बायका ओढणीच्या टोकाने डोळे पुसताना मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. त्या डोळ्यांसाठी मला दुसरा काही मार्ग हवा होता. आणि ओवा, लवंग ही आपली घरची माणसं. बाळाला धुरी ओव्याची, दाढ दुखली तर लवंगेचा बोळा. ती कामाला आली तर मला मनापासून आवडलं असतं.

ती कामाला येतात यामागे कारण आहे, भाबडेपणा नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं, लवंगेच्या तेलात युजेनॉल. दातांचा डॉक्टर दाढेत तात्पुरतं सिमेंट भरतो तेव्हा जो वास येतो, तो युजेनॉलचाच. ही दोन्ही संयुगं पाण्यापेक्षा चरबीत रमणारी. जिवाणूच्या पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. हे रेणू त्यात घुसतात, आवरण सैल पडतं, आतलं पोटॅशियम झिरपून बाहेर जातं, पेशीची शक्ती गळून जाते. ज्यांना या पातळ आवरणाबाहेर आणखी एक आवरण असतं, ते ग्रॅम-निगेटिव्ह जंतू जास्त चिवट. मासळी कुजवणारा स्यूडोमोनास त्यातलाच, आणि तो या तेलांना फारशी दाद देत नाही. अन्नातून माणसाला आजारी पाडणाऱ्या लिस्टेरियाला बाहेरचं आवरण नसतं, तो लवकर नमतो. कोळंबीतून माणसाला जुलाब-उलट्या करू शकणारा व्हिब्रिओ ग्रॅम-निगेटिव्ह असूनही बऱ्यापैकी नाजूक निघतो, आणि कोळंबीवाल्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. कारण व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा बाहेरून येणारा पाहुणा नाहीच. खाडीच्या कोमट, खाऱ्या पाण्यात तो मुळातच राहतो आणि कोळंबीबरोबर जाळ्यात येतो. ऊब मिळाली तर १० मिनिटांच्या आत दुप्पट होतो.

कॅनबरोबर माहितीपत्रक आलं होतं. त्यात एका प्लेटचा मोठा रंगीत फोटो: जंतूंची दाट साय, मधे तेलात बुडवलेली कागदाची चकती, तिच्याभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ. खाली ठळक अक्षरांत "१००% नैसर्गिक, रसायनमुक्त". या दोन्ही गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे. थायमॉल आणि युजेनॉल ही रसायनंच आहेत, आणि चांगली ताकदवान आहेत. मत्स्यशाळांमध्ये माशांना गुंगी आणायला लवंगेचं तेल वापरतात. जे माशाला झोपवू शकतं ते निरुपद्रवी पाणी समजून कुणी वापरू नये. आणि फोटोतलं वर्तुळ खरं असलं तरी अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर चरबी नसते, प्रथिनांचा चिकट थर नसतो. कोळंबीवर दोन्ही असतं. प्लेटवर जेवढ्या तेलात जंतू मरतात, त्याच्या कितीतरी पट तेल खऱ्या मासळीवर लागतं, आणि तेवढं घातलं की मासळी खाण्याजोगी राहत नाही. वनस्पतींच्या तेलांची सगळी अडचण या एका ओळीत आहे. ती पत्रकात कुठेच नव्हती.

म्हणून मी माझ्या पद्धतीने पाहिलं. एकाच बोटीची, एकाच काउंटची म्हणजे एकाच आकाराची सोललेली कोळंबी दोन टबांत घेतली. एका टबात नुसतं बर्फाचं पाणी, दुसऱ्यात सांगितल्या प्रमाणात हे द्रावण, दोन्हींची वेळ आणि तापमान सारखं. पुढे दोन्हीकडचे नमुने जंतू वाढवायच्या वेगवेगळ्या माध्यमांवर लावले. व्हिब्रिओसाठी टीसीबीएस नावाचं माध्यम वापरतो. त्याची प्लेट मुळात गडद हिरवी. त्यावर कॉलऱ्याचा व्हिब्रिओ पिवळा उगवतो, कारण तो साखर आंबवतो. पॅराहिमोलिटिकस ती साखर आंबवत नाही, म्हणून त्याचे ठिपके निळसर हिरवे राहतात. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला. नुसत्या पाण्याच्या प्लेटवर हिरवे ठिपके एकमेकांना खेटून बसलेले, बोटाने मोजता येणार नाहीत असे. द्रावणाची प्लेट जवळजवळ कोरी. मी तीनदा लेबल वाचलं, प्लेटांची अदलाबदल तर झाली नाही ना म्हणून.

आनंद दोन दिवस टिकला. मग रात्री डोक्यात आलं की कोळंबीच्या अंगावर उरलेलं तेल माझ्याबरोबर प्लेटवर तर आलेलं नाही? म्हणजे जंतू जिवंत असतील, पण प्लेटवरच्या तेलामुळे उगवत नसतील. जंतुनाशक तपासताना हा धोका नेहमीचाच, म्हणून त्याचा परिणाम थांबवणारं द्रावण वापरावं लागतं. पुढच्या वेळी लेसिथिन आणि ट्वीन (पॉलिसॉर्बेटचंच दुसरं नाव) घातलेल्या द्रावणात नमुना घेतला आणि मगच प्लेट लावली. आता कोऱ्या प्लेटवर ठिपके दिसले. नुसत्या पाण्यापेक्षा स्पष्ट कमी, सहज मोजता येतील इतके, पण होते. हाच आकडा खरा. कुणी विक्रेता तुम्हाला प्रयोगशाळेचा अहवाल दाखवेल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: नमुन्यातलं उरलेलं तेल निष्प्रभ करून मग मोजलं का? आमच्या विक्रेत्याच्या अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. विचारल्यावर उत्तरही आलं नाही.

तीच कोळंबी आम्ही बर्फात ठेवून रोज पाहत राहिलो. पहिले दोन-तीन दिवस फरक चांगला राहिला. पाचव्या दिवशी दोन्ही टबांचे एकूण आकडे एकमेकांच्या जवळ यायला लागले. काही जंतू मेलेले नसतात, नुसते जखमी झालेले असतात. सवड मिळाली की सावरतात. शिवाय बर्फातही वाढणारे स्यूडोमोनास या तेलाला मुळातच कमी भितात, आणि बाकीचे बाजूला झाले की त्यांना रान मोकळं मिळतं. तेव्हा "ताजेपणा दुप्पट दिवस" असं जे पत्रकात लिहिलं आहे, ते माझ्या शेडमध्ये दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच की सोलण्यापासून गोठवण्यापर्यंतच्या मधल्या तासांत, हाताळणी सर्वांत जास्त असते तेव्हा, व्हिब्रिओला चांगला लगाम बसतो. तेही थोडं नाही.

आता वास. कोळंबी उकडून सात जणांना दिली, कुठली कुठल्या टबातली हे न सांगता. सातांपैकी सहांनी ओळखली. मावशींनी तर उकडण्याआधीच, नुसती हातात घेऊन सांगितलं: "ह्येका ओव्याचो वास येता हां." प्रमाण निम्म्यावर आणलं तर वास गेला, पण टीसीबीएसवरचा फरकही त्याच्याबरोबर गेला. परदेशी जाणाऱ्या साध्या कच्च्या कोळंबीसाठी हा विषय माझ्या दृष्टीने तिथेच संपला. गिऱ्हाइकाला कोळंबीत कोळंबीची चव हवी असते. दुसरं म्हणजे कागद. लवंग, ओरेगानो, थाइम यांची तेलं अमेरिकेत खाद्यपदार्थांत स्वादासाठी सुरक्षित मानलेल्यांच्या यादीत आहेत, हे विक्रेता सांगतो आणि ते बरोबर आहे. पण यादीत असणं वेगळं आणि खरेदीदाराला न सांगता त्याच्या मालात घालणं वेगळं. घातलं तर लेबलवर लिहायला हवं, आपल्या हॅसपच्या, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायच्या, आराखड्यात बदल नोंदवायला हवा, तो टिकतो हे दाखवायला हवं. १९९७ साली युरोपने भारताच्या मासळीवर बंदी घातली होती. त्या वर्षाच्या आठवणी आमच्या जुन्या मॅनेजरांकडून ऐकतच मी या कामात वाढले. कागद कच्चा ठेवून माल पाठवायचा धीर मला होत नाही.

मग मी तो कॅन मसाल्याच्या लाइनवर नेला, आणि इथे खरोखर मजा आली. आमच्या मसाला कोळंबीला हळद, मीठ, आलं-लसूण, मिरची आणि कोकमाचं आगळ लागतं. आगळ आंबट. या तेलांमधले फेनॉल, म्हणजे थायमॉल आणि युजेनॉल, आंबट वातावरणात जंतूच्या आवरणात अधिक सहज शिरतात, त्यामुळे कमी तेलात काम होतं. मीठही हातभार लावतं. आणि मसाल्यात ओव्या-लवंगेचा वास खटकत नाही, उलट तो तिथलाच वाटतो. मी प्रमाण सांगितल्याच्या निम्म्यावर ठेवलं, आधी कोळंबी द्रावणातून काढली, निथळली, आणि मग मसाला चोळला. इथे सात जणांपैकी एकालाही वेगळं काही जाणवलं नाही. दोघांनी तर तेलाची कोळंबी जास्त आवडली म्हणून सांगितलं. प्लेटांवर निम्म्या प्रमाणातही फरक राहिला, आणि चिल रूममध्ये पाचव्या दिवशीही आकडे एकत्र आले नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनी मासळीला आगळ आणि हळद-मीठ लावून ठेवताना पीएचचा विचार केला नसेल, पण कुठल्या वस्तूबरोबर कुठली वस्तू चालते हे त्यांच्या हाताला माहीत होतं. म्हाकुळाच्या रिंगांवरही असाच अनुभव आला. म्हाकुळात चरबी अगदी कमी, त्यामुळे तेल वाया जात नाही.

चरबीचं नाव निघालं म्हणून बांगडा. विक्रेत्याने फोनवर ठामपणे सांगितलं होतं की बांगड्याला तर हे सगळ्यात उत्तम. मला हे वाक्य फार लागलं, कारण असल्या सल्ल्याने माणसं आजारी पडू शकतात. पावसाळ्यानंतरचा बांगडा तेलकट असतो. द्रावणातलं तेल जंतूंकडे न जाता माशाच्या चरबीत विरतं. ओरेगानोच्या तेलाचं कॉड आणि सामन या माशांवर झालेलं काम या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे: ०.०५ टक्के तेलाने चरबी नसलेल्या कॉडचे तुकडे कितीतरी जास्त दिवस टिकले, आणि तेलकट सामनवर त्याचा काही उपयोग झाला नाही. बांगडा सामनच्या पंगतीतला.

पण त्याहून मोठी गोष्ट हिस्टामीनची आहे. बांगड्याच्या लाल मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर. मासा उन्हात किंवा बर्फाविना राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू त्या हिस्टिडिनचं हिस्टामीन करतात. एकदा ते झालं की तळा, उकडा, गोठवा, ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी झाली. युरोपच्या नियमात एका लॉटचे ९ नमुने तपासतात आणि सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागते. हे सगळं कारखान्यात माल पोचायच्या आधी, बोटीवर आणि जेटीवर ठरतं. बाहेरून ५ मिनिटं लावलेलं तेल कल्ल्यांच्या आत, आतड्यात पोचत नाही. आणि समजा जंतू मेले, तरी त्यांनी तयार केलेलं एन्झाइम मागे राहून काम करत राहतं. उलट ओव्याच्या वासाखाली माशाचा बिघडलेला वास लपला तर आमच्या नाकाची शेवटची राखणही गेली. म्हणून बांगड्याच्या लाइनवर मी हा कॅन नेऊ देत नाही. बांगड्याला लागतो बर्फ, पकडल्यापासून, भरपूर, आणि पाणी निचरा होईल असा.

टेबलं, सुऱ्या आणि पट्टा यांच्यावर मात्र मी हे मनापासून वापरते. मासळीच्या कारखान्यात लिस्टेरिया मालापेक्षा जागेत जास्त राहतो. गटाराच्या जाळीखाली, पट्ट्याच्या सांध्यात, फ्रीझरच्या दाराच्या रबरात. शून्याच्या आसपासही वाढतो, म्हणून थंडीचा त्याला धाक नाही. एकदा बसला की स्वतःभोवती चिकट थर करतो आणि त्या थराखाली क्लोरीनही नीट पोचत नाही. मी एका शनिवारी पट्ट्याच्या सांध्याचा अर्धा भाग ब्रश आणि साबणाने घासून घेतला, अर्धा तसाच ठेवला, आणि दोन्हींवर द्रावण फवारलं. सोमवारी सकाळी स्वॅब घेतले. घासलेला भाग स्वच्छ, न घासलेला जसाच्या तसा. बोटाने घासून पाहिला तर अजून बुळबुळीत. तेव्हा घासण्याला पर्याय नाही, पण घासल्यानंतर क्लोरीनच्या जागी हे चालतं, स्टीलला गंज चढत नाही आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कामाआधी साध्या पाण्याने एकदा धुवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या क्रेटला ओव्याचा वास लागतो. आठवड्यातून दोनदा आम्ही अजून क्लोरीन वापरतोच, आलटून पालटून.

आता कॅनबद्दलच्या तक्रारी, कारण शेवटी पैसे कॅनचे मोजतो. पहिला कॅन चांगला होता. दुसरा मी चिल रूममध्ये ठेवला, थंडाव्यात जास्त टिकेल म्हणून. आठवड्याने झाकण उघडलं तर तोंडाशी खडीसाखरेच्या बारीक कणांसारखे पांढरे स्फटिक. तेच ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल. ते बाहेर पडून तोंडाशी बसलं होतं, म्हणजे आत तेवढं कमी. थंडीत ठेवू नये ही साधी सूचना लेबलवर असायला हवी होती. तिसऱ्या कॅनमध्ये द्रावण फाटलं होतं. वर पिवळसर तेल, खाली पाणी. हे वेळीच लक्षात आलं नाही. शेडमधल्या एका मुलीने ओतलं, ढवळलं, पण तेलाचे थेंब टबात तरंगतच राहिले आणि वरच्या कोळंब्यांना चिकटले. त्या कोळंब्यांची कड पांढुरकी पडली, शिजल्यासारखी, आणि वास असा की जवळ धरवेना. खालच्या कोळंब्यांना काहीच लागलं नव्हतं. २५ किलोचा तो क्रेट आम्ही काढून टाकला. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं: "वापरण्यापूर्वी हलवून घ्या." मी एक तास हलवलेलं द्रावण पुन्हा अर्ध्या तासात फाटलेलं त्यांना फोटोसकट पाठवलं. त्याला उत्तर नाही.

याच्या मुळाशी असलेली अडचण कुठल्याही वनस्पतीच्या तेलाला आहे. ओवा कुठल्या जमिनीत, कुठल्या हंगामात, कधी कापला यावर थायमॉलचं प्रमाण बदलतं. म्हणून लॉटगणिक ते मोजून लेबलवर छापायला हवं. आमच्या कॅनवर ते कधीच नव्हतं. क्लोरीनचं प्रमाण मी कागदाच्या पट्टीने दोन मिनिटांत पाहते. या द्रावणाची ताकद शेडमध्ये पाहायला माझ्याकडे नाकाशिवाय काही नाही, आणि नाक तासाभरात त्या वासाला सरावतं.

हातांचंही सांगायला हवं. कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याने बायकांच्या बोटांना रोज बारीक टोचण्या असतात. द्रावणात उघडे हात घातले की ती बोटं झोंबतात, आणि एकीच्या मनगटावर पुरळ उठलं. तिला त्या कामावरून बाजूला घेतलं आणि सगळ्यांना कोपरापर्यंतचे हातमोजे सक्तीचे केले. नैसर्गिक म्हटलं की हातमोज्यांची गरज नाही, असा समज पत्रक वाचून होतो. दाट द्रावण थर्मोकोलच्या पेटीवर सांडू देऊ नका असंही मी सांगेन. तेलाने थर्मोकोल खाल्ला जातो.

पैशाचं गणित करायचं तर २० लिटरच्या टबाला १६८ रुपये, आणि मी चार क्रेटनंतर टब बदलते. क्लोरीनला तेवढ्याच टबाला रुपयाही लागत नाही. कच्च्या निर्यातीच्या कोळंबीला हे परवडत नाही आणि लागतही नाही. मसाल्याच्या लाइनवर निम्म्या प्रमाणात, टबाला ८४ रुपये पडतात. तिथे ते मला महाग वाटत नाही, कारण ती कोळंबी कुणाच्या तरी घरच्या फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहणार असते आणि त्या फ्रीजचं तापमान माझ्या हातात नसतं.

मला पाचपैकी तारे द्यायला सांगितले तर वस्तूला साडेतीन देईन आणि पत्रकाला एक. मसाला लावून विकणाऱ्यांनी, म्हाकूल-कोळंबीवाल्यांनी, छोट्या युनिटवाल्या बचत गटांनी एक कॅन घेऊन जरूर करून पाहावं. जमल्यास शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी किंवा सिफ्टच्या (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या) केंद्रात माहीतगारांशी बोलून नमुने तपासून घ्यावेत, विक्रेत्याच्या अहवालावर राहू नये. बांगडा, तारली, कुपा या माशांसाठी मात्र घेऊ नका.

डिसेंबरसाठी मी दोन कॅनची मागणी दिली आहे, थायमॉलचा आकडा आणि भरल्याची तारीख छापलेले असतील तरच घेईन या अटीवर. अजून होकार आलेला नाही. तोवर जुना अर्धा कॅन मसाल्याच्या लाइनवर आहे, चिल रूमच्या बाहेर, सावलीत. रोज सकाळी मावशी तो दोन्ही हातांनी हलवतात, पारदर्शक प्लास्टिकच्या मापात थोडं ओततात, कारण शेडमध्ये काच चालत नाही, आणि खिडकीच्या उजेडात धरून दहा मिनिटं थांबतात. वर तेलाची तार दिसली तर माप तसंच माझ्या टेबलावर आणून ठेवतात, आणि त्या दिवशी कोळंबी नुसत्या बर्फाच्या पाण्यातून जाते.